तिसरं टेबल हलतं

श्रावणात भर दुपारी सावजी भोजनालयात जाऊन बसणारा माणूस एक तर नास्तिक असतो, नाही तर रिकामटेकडा. निवृत्त झाल्यापासून मी दोन्ही आहे. नागपुरातल्या पाचपावलीच्या अलीकडची ती गल्ली पावसाने निथळत होती. आत सहा टेबलं, बाकं, भिंतीवर वहिनींच्या सासऱ्यांचा हार घातलेला फोटो आणि गिऱ्हाईक मी एकटा. एरवी रविवारी इथे बाहेर उभं राहून नंबराची वाट पाहावी लागते. श्रावणात मटणाचा गंज घासून पालथा घातलेला असतो; चुलीवर पाटवडीचा रस्सा आणि डाळकांदा, बस्स. वहिनी गल्ल्यावर बसून लसूण सोलत होत्या.

वहिनी म्हणजे मालकीणबाई. आम्ही कॉलेजात असताना इथे यायला लागलो तेव्हा त्या घरातल्या नव्या सूनबाई होत्या, आणि आमच्या सगळ्या टोळक्याच्या तेव्हापासूनच्या वहिनी. आता साठी ओलांडली आहे.

"काय भाऊ, श्रावनात इकडे कसे? घरी जेवाले नाही भेटलं का?"

मी पिशवीतून वही काढली. "सावजीचा इतिहास लिहायचाय, वहिनी. म्हटलं तुमच्यापासून सुरुवात करू."

"आमचा कायचा इतिहास? लिहा बाप्पा. पन त्या टेबलावर नका बसू. ते हलते."

ते हलतं हे मला ठाऊक होतं. दारापासून तिसरं टेबल. पस्तीस-चाळीस वर्षं त्याच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी पाहत आलो. रस्सा सांडू नये म्हणून वाटी ताटाच्या उजव्या अंगाला ठेवायची, हे तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला आपोआप कळतं. मी म्हटलं, "एखाद्या सुताराला सांगून पाय सारखा करून का नाही घेत?"

"पाय सारखाच आहे. जमीन खचते. खाली खड्डा आहे न."

"कसला खड्डा?"

"मागाचा."

आणि मग माझ्या इतिहासाचं पहिलं पान मला न विचारता लिहिलं गेलं. खड्ड्याचा माग म्हणजे जमिनीत कमरेएवढा चौकोनी खड्डा, विणकर त्याच्या काठावर बसलेला, पाय खाली पावड्यांवर, हातात धोटा. घराची पुढची खोली म्हणजे मागाची खोली. मागच्या बाजूला बायका कांड्या भरणार, पाजणी करणार, आणि त्यातूनच उठून स्वयंपाक करणार. वहिनींच्या सासऱ्यांनी माग मोडला, लाकूड चुलीत घातलं, खड्ड्यात मुरूम-विटांचे तुकडे भरून वरून फरशी केली आणि टेबलं मांडली. पण मुरूम नीट ठोकला गेला नव्हता. दर पावसाळ्यात फरशी थोडी खाली जाते.

"तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत," मी म्हणालो.

"तुमी कव्हा विचारलं? तुमी तं तर्री वाढा, तर्री वाढा."

मी वहीतली टिपणं वाचायला सुरुवात केली. नागपूरकर भोसल्यांच्या काळी इथलं विणकाम वाढलं. नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा या पट्ट्यातली रेशीमकाठी धोतरं आणि लुगडी दूरदूर जात. विणणारे कोष्टी, त्यातलेच हलबा-कोष्टी. 1853 साली तिसरे रघुजी वारले, दत्तक नामंजूर झाला, राज्य खालसा झालं. दरबार गेला आणि दरबारी धोतर नेसणारेही गेले. 1867 साली रेल्वे नागपूरला आली. आणि 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणीला दिल्ली दरबारात हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून ते इथे आले कारण कापूस इथे होता आणि वरोऱ्याचा कोळसा हाताशी होता. मिलसाठी घेतलेली जागा तळ्याकाठची दलदल होती. ती भरून काढायला इतका पैसा लागला की गावातल्या एका मारवाडी सावकाराने, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय म्हणून, भांडवल द्यायला नकार दिला. पुढे मिल चालली तेव्हा तोच सावकार म्हणाला म्हणे, की टाटांनी माती पुरली आणि सोनं काढलं.

वहिनी हसल्या. "आमच्या सासऱ्यानंही मातीच पुरली. काय निघालं? हे हलनारं टेबल."

"निघालं की. तीन पिढ्या जेवल्या यावर."

"जेवल्या. जेवल्या हे खरं. पन तुमी जसं सांगून राह्यले तसं नाही ते. तुमच्या वहीत असं दिसते का आधी माग होता, मंग मिल आली, माग मेला, मंग आमी खानावळ काढली. एकाच्या मागून एक, रेल्वेच्या डब्यावानी. आमच्या घरी हे सगळं एकाच वख्ती चालू होतं. सासरा माग चालवे, त्याले सूत मिलचंच लागे. दीर मिलमध्ये रिंगखात्यात. सासू संध्याकाळी दोन-चार जनाले जेवू घाले. मिलनं माग मारला म्हनता, पन मिलच्या सुतावरच तं माग चालत होता."

हे मला मान्य करावं लागलं. पुस्तकातही ते आहेच: हातमागाला सूत पुरवणारी मिलच होती, आणि धोतराच्या बाजारात त्याच हातमागाला गाठणारीही मिलच. पण पुस्तकात ते दोन वेगळ्या प्रकरणांत येतं. या घरात ते एका ओट्यावर बसून जेवत होतं. शेवटी धोतर नेसणारा पायजम्यात गेला, पायजम्यातला पँटीत गेला, आणि यंत्रमागाने उरलंसुरलं नेलं.

"सासूबाईंनी जेवण द्यायला सुरुवात कशी केली?"

"सुरुवात कोनी करते का अशी? पाटी लावून, नारळ फोडून? मिलमध्ये परगावचे लोक होते, भंडाऱ्याचे, छत्तीसगडचे. दिरासोबत एक आला जेवाले. त्याले रस्सा आवडला. त्यानं दुसरा आनला. सासूनं मटन वाढवलं नाही, पानी वाढवलं."

इथून आमचं खरं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, सावजीचा झणझणीतपणा हा विणकरांच्या जगण्यातून आला आहे. दिवसभर खड्ड्यात पाय सोडून वाकून बसणारा माणूस, त्याला संध्याकाळी अंगात ऊब आणणारं, घाम काढणारं जेवण हवं. जवसाचं तेल, भाजलेलं खोबरं, खसखस, धणे, दगडफूल, शहाजिरं, जायपत्री, वर भिवापुरी मिरचीचा रंग. कोणी बत्तीस मसाले सांगतो, कोणी छत्तीस. ही एक अख्खी खाद्यसंस्कृती आहे, वहिनी.

वहिनींनी लसणाची टरफलं फुंकरीने उडवली. "भाऊ, अर्ध्या किलो मटनात बारा मानसं जेवली पाहिजेत. तुमी कसं कराल?"

"…"

"बोटी किती येईन एकाच्या वाट्याले? एक. नाही तं दोन. मंग भाकर कायच्या संगं खाईन? रस्सा पाहिजे. रस्सा पातळ झाला तं कोनी खाईन नाही, मंग त्याले अंग पाहिजे. खोबरं भाजा, खसखस वाटा, ज्वारीचं पीठ लावा. अन् तिखट असं पाहिजे का दोन घासात पानी प्यावं लागन, तोंड पोळन, अन् एका बोटीवर चार भाकरी उतरन. संस्कृती म्हना तुमी. सासू त्याले 'पुरवनं' म्हने."

"पण मग खूर, मुंडी, सुंदरी, वजडी…"

"ते खाटकाकडे स्वस्त भेटे. सुंदरी म्हनजे आतडं. नाव सुंदरी ठेवलं म्हनून काय सोन्याची झाली? ते धुवाले किती पानी लागते, माहीत आहे का? अन् पानी नळावरून आनाव लागे. तुमाले ते आवडते, मले त्याचा वास येते अजून हाताले."

मी गप्प राहिलो. समोर पाटवडीचा रस्सा आला होता. बेसनाच्या वड्यांचे चौकोन तळाशी, वर बोटभर तर्री, कडेला तांबडी, मध्ये जवळजवळ काळी. भाकर मोडून बुडवली. पहिला घास नेहमीसारखाच कानात गेला. या चवीचं गणित मला आत्ता कळलं होतं, पण जीभ गणित शिकायला तयार नव्हती. माझं म्हणणं मी सोडलं नाही. टंचाईतूनच तर चांगलं जेवण जन्मतं. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात होतो, शिळ्या पोळीचा कुस्करा होतो. कारण गरिबीचं आहे म्हणून चव खोटी ठरत नाही.

"चव खोटी कोन म्हनते? मी म्हनते, तिखट आता जे आहे ते खोटं आहे. सासूचा रस्सा इतका जहाल नव्हता. पिऊन येनारे गिऱ्हाईक वाढले, त्याईची जीभ बधिर, ते म्हनत अजून तिखट, अजून तिखट. आता कॉलेजचे पोट्टे येतात, शर्यत लावतात, मोबाइलवर व्हिडिओ काढतात, डोळ्यातून पानी येऊन राह्यलं, वा रे सावजी. अन् तुमी लिहान का ही अडीचशे वर्षांची परंपरा."

मी वहीत "अडीचशे" असं कुठेच लिहिलं नव्हतं. पण लिहिणार होतो, हे खरं.

पाऊस वाढला. वहिनींचा मुलगा स्कूटर आत घेऊन आला, ओल्या बुटांनी सरळ मागच्या खोलीत गेला. त्याच्यामुळेच विषय नावावर आला. त्याला वर्धा रोडला मोठी जागा घ्यायची आहे, एसी, फॅमिली रूम, पाटीवर आजोबांचा फोटो. मी त्याच्या विरोधात आहे आणि हे त्याला माहीत आहे, म्हणून तो माझ्याशी हल्ली मोजकंच बोलतो.

"वहिनी, हे करू नका. पुण्या-मुंबईत, हायवेच्या ढाब्यांवर, जिथे तिथे आता 'नागपुरी सावजी' अशी पाटी दिसते. किराणा दुकानात मसाल्याची पाकिटं मिळतात. नावाचा बाजार झाला. खरं काही उरलं असेल तर ते अशा खोलीत आहे. नागपूरच्या संत्र्याला जीआय मिळालं, भिवापुरी मिरचीला मिळालं. सावजीलाही काही संरक्षण हवं."

"मिरचीले भेटलं?"

"हो."

"वाटनारीले नाही भेटत का ते?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मग मी दाखले देऊ लागलो, शिक्षकाची खोड. ठाण्याला तहसील कचेरीच्या शेजारी मुर्डेश्वर कुटुंबाने 1946 साली छोटं उपाहारगृह काढलं. कारकून, वकील, खेटे घालणारे पक्षकार तिथे मिसळ खाऊ लागले, आणि मालकाचं नाव मागे पडून गावाने त्याला कचेरीचं नाव दिलं: मामलेदार. जागा लहान, मिसळ मोजक्या प्रकारची, आणि कीर्ती मात्र मुंबईभर.

"म्हनजे कचेरी सरकारची अन् नाव मिसळीचं. बरं आहे. आमचं उलटं. नाव आमच्या जातीचं, अन् कमाई ज्यानं पाटी लावली त्याची. आमच्यात एकमेकाले सावजी म्हनत. साव म्हनजे चोर नाही तो. आता एखादा शिळं मटन विकनाराही सावजी."

"मग हेच तर म्हणतोय मी!"

"नाही, तुमी म्हनता खोली जपा. मी म्हनते नाव गेलं तं जाऊ द्या, पन माझा पोरगा या खोलीत कायले मरन?"

मी हल्दीरामचं उदाहरण पुढे केलं. विरोधी पक्षाला मदत करणारं उदाहरण देणं हा वादातला अडाणीपणा, पण तोंडातून गेलं. 1937 साली बिकानेरला भुजियाचं एक लहान दुकान. त्या घरातली एक शाखा नागपुरात आली, इथून वाढली, संत्रा बर्फी घरोघर नेली, आणि आता त्या नावाचा व्यवहार परदेशी गुंतवणूकदारांपर्यंत पोचला. दुसरीकडे गिट्टीखदानच्या पारशी राणा कुटुंबाची 1932 सालची डेअरी, तिचं दिनशॉ आइस्क्रीम झालं. घरगुती धंदा मोठा होऊ शकतो, पण मोठा होताना तो घरगुती राहत नाही.

"भुजिया डब्यात भरता येते. सहा महिने राहते. आइस्क्रीम गाडीत टाकता येते," वहिनी म्हणाल्या. "माझा रस्सा दुसऱ्या दिवशी अजून चांगला लागते, तिसऱ्या दिवशी आंबते. त्याईच्या धंद्यात यंत्र घातलं. माझ्या धंद्यात मीच यंत्र. मले डब्यात भरन का कोनी?"

त्यांनी उजवं मनगट पुढे केलं. हाडाच्या बाजूला एक गाठ वर आलेली, अंगठा पूर्ण वळत नाही. पस्तीस वर्षं पाटा. खोबरं-खसखस-मिरची पाट्यावर बारीक होईपर्यंत, रोज सकाळी, सणाला दोनदा. डॉक्टरने सांगितल्यावर ग्राइंडर आला. मी तेव्हा मित्रांना सांगितलं होतं की वहिनींच्या रश्शाची चव बदलली. हे त्यांच्या कानावर गेलं असणार. या गल्लीत सगळं कानावर जातं.

"पाट्याची चव वेगळीच, असं तुमी म्हटलं होतं."

"म्हटलं होतं."

"वेगळीच होती. माझ्या मनगटाची होती न."

मुलगा आतून पाणी पीत बाहेर आला आणि गल्ल्याला टेकून उभा राहिला. तो बी.कॉम. आहे. त्याच्या वडिलांच्या पिढीत घरातल्या दोघांना हलबा असल्याच्या दाखल्यावर सरकारी नोकरी लागली होती. हलबा आदिवासी यादीत, पण कोष्ट्याचं काम करणारे हलबा-कोष्टी त्यात येतात का, हा वाद नागपुरात दोन-तीन पिढ्या धुमसत होता. 28 नोव्हेंबर 2000 रोजी मिलिंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यादीत जे लिहिलं आहे तेवढंच. हलबा-कोष्टी हे त्यातच धरा, असं चौकशी करून ठरवता येणार नाही. आधी पक्के झालेले प्रवेश आणि नेमणुका कोर्टाने मोडल्या नाहीत. पुढच्यांसाठी दार लागलं. तो तेव्हा शाळेत होता.

"काकाजी," तो म्हणाला, "तुम्ही म्हणता खोली जपा. माझ्या आजोबाला माग सोडायला लागला म्हणून त्याने खोली काढली. मला खोली सोडता येऊ नये, असा काही नियम आहे का?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते माझ्याच सोयीचं होतं: तू खोली सोडलीस तर मी कुठे जेवू? ते बोलून दाखवण्याइतका निर्लज्ज मी अजून झालेलो नाही. मी म्हणालो, "एम्प्रेस मिलचं काय झालं पाहा. 1986 साली ती टाटांकडून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, पुढे भोंगा थांबला, आणि आज त्या जागेवर एम्प्रेस सिटी मॉल आहे. नाव राहिलं. मॉलमध्ये कोणाला सूत दिसतं का?"

"मॉलमध्ये एसी आहे," वहिनी म्हणाल्या. "मले चुलीपाशी आजवर पंखा नाही लावता आला. लावला तं गॅस विझते."

मुलगा हसून निघून गेला. मी मिलचा धागा सोडला नाही. वहिनींना विचारलं, मिल थांबल्यावर भोजनालयाचं काय झालं?

"वही बंद झाली."

उधारीची वही त्यांनी दाखवली. देवघराच्या फळीवर, पोथ्यांच्या खाली. लांबट, लाल बांधणीची. नावं नव्हतीच जवळजवळ. सासूबाईंना लिहिता येत नव्हतं, सासरे लिहीत, आणि ते माणसाला खात्याने ओळखत: रिंगखाता उंच, साचेखाता जोडीदार, वाइंडिंग काळा, भंडाऱ्याचा मास्तर. प्रत्येकापुढे उभ्या रेघा, पाच झाल्या की आडवी. पगाराच्या दिवशी रेघा पुसल्या जात नसत, त्यांच्यावर फुली मारली जाई. शेवटच्या काही पानांवर रेघा आहेत, फुल्या नाहीत.

"मिल बंद पडली तं उधारी बंद नाही झाली, उलट वाढली. काहींनी दिले. काही तोंड चुकवून दुसऱ्या गल्लीतून जात. मंग सासरा म्हने, वही ठेवा अन् नगद घ्या. त्या दिवसापासून ही खानावळ राह्यली नाही, हॉटेल झालं. रोजचं गिऱ्हाईक गेलं, रविवारचं आलं. तुमी रविवारचे."

हे मला लागलं. मी स्वतःला या खोलीचा जुना माणूस समजत होतो. कॉलेजात असतानाही आम्ही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायचो, खिशात पैसे असताना, चैन म्हणून. आमच्या शेजारच्या बाकावर जे रोज जेवत असत त्यांच्याशी आम्ही एक शब्द बोललेलो मला आठवत नाही. ज्या वातावरणाची आठवण मी वहीत उतरवणार होतो, ते वातावरण म्हणजे ती माणसं होती, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून बसलेलो असे.

बोलणं दुसरीकडे न्यावं म्हणून मी मुंबईचं सांगितलं. गिरणगावात कोकणातले, घाटावरचे हजारो कामगार बायकामुलं गावी ठेवून राहत आणि महिन्याच्या बोलीवर एखाद्या बाईच्या घरी जेवत. कामगार पैसे देणार पगाराला, बाईला धान्य-किराणा लागणार रोज. मधल्या दिवसांसाठी सावकार आणि वाणी, आणि त्यांचं व्याज. पंधरा-वीस माणसांना दोन वेळ जेवू घालून बाईच्या हातात काही उरत नसे. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बायकांचे गट केले, एकमेकींना जामीन ठेवलं आणि सरकारी बँकेचं कर्ज थेट त्यांच्या नावावर मिळवून दिलं. 1982च्या संपात गिरण्या थांबल्या, जेवणारे गावी परतले, खानावळींचं कंबरडं मोडलं. पण मंडळ टिकलं.

वहिनींचे हात पहिल्यांदाच थांबले. लसणाची पाकळी बोटात तशीच.

"कर्ज बाईच्या नावावर?"

"हो."

"नवऱ्याची सही नाही लागली?"

"त्यांचा सगळा झगडा त्यासाठीच होता. ही बाई काम करते, हिचा धंदा आहे, हिलाच कर्ज द्या."

"अन् बाईच्या नावाची पाटी लागली का?"

मी जरा विचार केला. "पाटी मंडळाची. पण ते अन्नपूर्णेचं नाव, म्हणजे बाईचंच."

त्या बराच वेळ बाहेर पावसाकडे पाहत राहिल्या. आमच्या डोक्यावरच्या पाटीवर सासऱ्यांचं नाव आहे, खाली बारीक अक्षरात नवऱ्याचं, आणि मुलाने अलीकडे आपला मोबाइल नंबर घातला आहे. सासूचं नाव मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि वहीत लिहू नका असंही सांगितलं. "ती असती तं लाजली असती," म्हणाल्या. म्हणून इथे ते नाही.

"तुमच्या नावाची पाटी लावायची का वर्धा रोडला?" मी विचारलं. म्हणजे नकळत मी वर्धा रोडला गेलोच होतो.

"माझं नाव राशन कार्डावर आहे, पुरे आहे," त्या म्हणाल्या. मग थांबून, "पोराले सांगून पाहा तुमी. माझं नाही ऐकत. पन पाटीवर नाव लावलं का मंग मलेच तिथं जाऊन बसाव लागन, हे समजून घ्या. मले नाही बसाचं. मले आता सुट्टी पाहिजे. तुमाले निवृत्ती भेटली, पेन्शन भेटली. मले कोन देईन? हे दुकान मोठं झालं तं नोकर ठेवता येतीन, अन् बंद झालं तं मी मोकळी. तुमी म्हनता तसं, जसंच्या तसं जपलं, तं मीच जपाव लागते."

मला दुसरी भाकर मागायची होती, ती राहूनच गेली. शेवटचा प्रयत्न म्हणून मी म्हटलं, निदान मसाल्याचं प्रमाण तरी लिहून ठेवू या. कृती गेली तर परत येणार नाही. तुम्ही सांगा, मी लिहितो. ग्रॅममध्ये, क्रमाने.

"प्रमान? सासू मुठीनं टाके. तिची मूठ लहान, माझी मोठी. म्हनून मी खसखस कमी धरते. तुमी मुठीचे ग्रॅम कसे कराल?"

"वजनकाटा आणतो."

"आना. आता पोळा येऊन राह्यला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर असते. मारबती पाहून सारं शहर मटन खाते त्या दिवशी, श्रावनभर उपाशी असल्यावानी. मले त्या दिवशी दहा किलो खोबरं भाजाव लागते. ग्राइंडर तेवढ्याले पुरत नाही, तापून बंद पडते. पाटा काढावाच लागते." त्यांनी अंगणाकडे बोट दाखवलं. पाटा भिंतीला उभा होता, त्यावर मुलाचा रेनकोट वाळत घातलेला. "तुमाले पाट्याची चव पाहिजे न? या त्या दिवशी. धुवून ठेवते. वजनकाटाही आना. चारले या."

"चारला म्हणजे… पहाटे?"

"नाही तं का दुपारी?" वहिनी म्हणाल्या, आणि बिलात जास्तीच्या रश्शाची वाटी धरायला विसरल्या नाहीत.